साल

सात वर्षं नोएमिया राहत होती
दोन पडद्यांच्या उजेडात.
कोरुशच्या गोदामावरची खोली,
खाली बुचं कापणाऱ्या यंत्रांची घरघर,
वर ती आणि तिची शिस्त:
प्रत्येक चौकटीला नियम, प्रत्येक नियमाला चाचणी,
चुकीला दारातूनच माघारी धाडायचं.

मग टेलिश साहेब म्हणाले,
सोमवारपासून कोड रुबेन बघेल.
तुम्ही धंदा बघा.
धंदा म्हणजे नेमकं काय बघू
हे तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
बढतीच्या पत्रात तो शब्द दोनदा होता.

तिची खुर्ची ओढून घेताना रुबेन म्हणाला,
'कुऱ्हाडीचा दांडा!'
पुढचे दोन शब्द त्याने हसण्यात गिळले.
तीही हसली.
पण त्या आठवड्यात आठ बैठका झाल्या
आणि आठही वेळा टेबलाखाली
तिची बोटं नुसतीच हलत राहिली,
मेलेल्या पालीच्या शेपटीसारखी.

जुलैत ती रानात गेली.
तक्रार होती: दोनशे बारा नोंदी
एकाच कारणाने परत आलेल्या.
'वर्ष चार आकड्यांत लिहा.'
ही ओळ तिचीच.
एका फेब्रुवारीत, रात्री दीडला,
गार कॉफीसोबत, जरा अभिमानानेच लिहिलेली.

बेल्मिरू अडुसष्टचा. त्याने बोलण्याऐवजी
एक झाड दाखवलं.
बुंधा नुकताच सोललेला,
ओल्या विटेच्या रंगाचा, बघताना संकोच वाटेल इतका उघडा.
आणि त्यावर पांढऱ्या रंगात
एकच आकडा. सहा.

'नुसतं सहा?'
'सहा.'
'कुठलं सहा? मागचं, त्याच्या मागचं?'
त्याने तिच्याकडे पाहिलं
पोर नवी असली की बघतात तसं.
'नऊ वर्षं झाडाला हात लावायचा नाही.
नऊ झाली की कोण थांबतंय?
सहा फिरून यायच्या आत साल उतरलेली असते.
राहिलंच एखादं, तर डोळे आहेत की.'
मग थोडं थांबून,
'रंगही कमी लागतो.'

नऊ वर्षं. आकडे दहा.
तिने मनात दोनदा मोजलं.
पडदा न पाहिलेल्या कुणीतरी
हे कधीच सोडवून, डबा-ब्रश घेऊन
जेवायला निघून गेलेलं होतं.

त्याने कुऱ्हाड मारली. ऐकलं. पुन्हा मारली.
आवाज पोकळ आला तसा थांबला,
कुऱ्हाड उलटी केली
आणि दांड्याचं निमुळतं टोक
चिरेत सरकवलं, हळू,
झोपलेल्याच्या अंगाखालून पांघरूण ओढावं तसं.
'पातं वाट दाखवतं फक्त.
पात्यानं सोलायला गेलात तर झाड जन्माचं जायबंदी.
सोलतो तो दांडा.'

'कशाचा आहे?'
'ओकचाच. दुसऱ्या जातीचा.
ह्याचा चुलतभाऊ म्हणा.'

साल निघाली, एक लांब ओला श्वास सोडत.
माणसाच्या उंचीची, आतून कोवळी.
ती तिथेच उभी राहिली,
बुटांत काटे, मानेवर ऊन,
आणि किती तरी वेळाने लक्षात आलं
की बोटं हलत नाहीयेत.

गाडीतून रुबेनला फोन केला.
'तो चार आकड्यांचा नियम काढ.'
'का?'
ती बोलायला लागली. नऊ, दहा, ब्रश, चुलतभाऊ.
'लिहून पाठव,' तो म्हणाला. 'नियम तुझाच आहे.
कारणाशिवाय बदल नाही.'

कारणाच्या चौकटीत जागा
एकशे चाळीस अक्षरांची.
तीही तिनेच ठरवलेली.
तिने लिहिलं. खोडलं. लिहिलं.
खिडकीबाहेर कुणी तरी
ताज्या बुंध्यावर यंदाचा आकडा काढत होतं,
रंग जरासा ओघळला,
त्याने तो अंगठ्याने पुसला
आणि पुढच्या झाडाकडे गेला.