सांबऱ्याला सहा पायऱ्या

खानापुरातून पहाटे निघालो.
भाच्यानं गाडीत आधी मला ठेवलं, मग कुबड्या,
मग कुंद्याचा डबा माझ्या मांडीवर:
"तुझी मांडी हलत नाही आत्या, सांडायचा नाही."

चौतीस वर्षं भूगोल शिकवला मी.
पृथ्वीचा गोल बोटानं फिरवत
दाखवले पोरांना मोसमी वारे, सागरी प्रवाह.
खरं, स्वतः हुबळीच्या पलीकडं गेले नाही.

तपासणीच्या कमानीत कॅलिपर ओरडलं.
"काढा, मॅडम."
काढते की. मग मला धरणार कोण?
पोरगी गोंधळली. हातातलं यंत्र
गुडघ्यावरून फिरवत राहिली, इस्त्री करावी तसं,
आणि हळूच विचारलं, "दुखतंय?"
लोखंड दुखत नाही, बाळ. पट्टा काचतो.

बाहेर विमान. लहानसं, पंख्यांचं,
आमच्या शाळेच्या व्हरांड्याएवढं.
वर उचलणारी गाडी नादुरुस्त.
सहा पायऱ्या.
मी सगळीकडच्या मोजते.
पोस्टाच्या चार, तहसीलदार कचेरीच्या अकरा,
आणि एका वाचनालयाच्या बावीस,
जिथली पुस्तकं मला शिपाई आणून द्यायचा,
त्याला आवडतील ती.

अरुंद खुर्ची आली, तिच्यासोबत दोघं:
मुतग्याचा ओमाण्णा, मारिहाळचा ईरण्णा.
छातीवर पट्टा, मांड्यांवर पट्टा, घोट्यांवर पट्टा.
फक्त पत्ता लिहायचा राहिला.
ओमाण्णा म्हणाला, "एक, दोन..."
ईरण्णानं "ओंदु"लाच उचललं.
खुर्ची कलली. आभाळ कललं.
एक कुबडी घरंगळत गेली चाकाखाली.
रांगेतल्या कुणीतरी मोबाइल वर धरला
आणि माझी नजर बघून खाली घेतला.

"तीनला उचलूया म्हटलं नव्हतं काय?"
"एन अंदि नी?"

"थांबा," मी म्हटलं. वर्गातला आवाज
निवृत्तीनंतर पहिल्यांदाच बाहेर आला.
"मोजणार मी. तुम्ही फक्त उचला.
जिल्ह्यातल्या नद्या. दक्षिणेकडून.
नाव आलं की एक पायरी."

मलप्रभा.
खुर्ची सरळ वर गेली.
मार्कंडेय.
ओमाण्णाच्या कानशिलावरनं घाम.
घटप्रभा,
ही ईरण्णानं माझ्याआधीच म्हटली.
हिरण्यकेशी. लांब नाव, म्हणून जरा जास्त वेळ
हवेत राहिले मी.
दूधगंगा.
इथं ओमाण्णा अडला, "पंचगंगा न्हवं, बाई?"
ती पलीकडं, कोल्हापुरात. उचल.
कृष्णा.

आत हवाई सुंदरी हात जोडून उभी.
तिला वाटलं, देवाचं नाव घेतलं.

मग ढग. ढगांच्या फटीतून एकदाच पाणी चमकलं,
वळण घेतलेलं, कडेला ऊस असावा.
कपाळ काचेला लावून बघितलं, तरी
कुठली नदी ते ओळखता आलं नाही.
चौतीस वर्षं. हसूच आलं.
शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "काय झालं?"
काही नाही म्हटलं. नापास झाले.

हैदराबादला सगळे उतरले.
"तुमची खुर्ची येतेय, पाच मिनिटं."
पाच मिनिटं मला माहीत आहेत, लहानपणापासून.
झाडूवाली बाई शेवटच्या रांगेपासून
पट्टे नीट लावत पुढं येत होती.
ती माझ्यापाशी पोचली तेव्हा
डबा उघडून तिच्यापुढं धरला.
कुंदा जागच्या जागी होता,
कणभरही हललेला नव्हता.