तोंड आलंय

तोंड आलंय, म्हणतात आमच्याकडं.
जसं काही ते परगावी गेलं होतं
आणि आता एसटीतून उतरून
पिशवी घेऊन दारात उभं आहे.

माझं वर्षातून पाच-सहा वेळा येतं.
चैत्रात हमखास.
तेव्हा लक्ष्मीपुरीत डंक थांबत नाहीत.
ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला,
लवंगी ज्याच्या त्याच्या हिमतीवर.
आणि मी बसलेली चिमूटभर चटणी जिभेवर ठेवून:
मीठ कमी. लसूण ओला. खोबरं जास्त भाजलंय, बाई.

पगार जिभेचा,
आणि जिभेच्याच कडेला कणीएवढा पांढरा फोड,
भोवती लाल काठ.
नुसतं 'साखर' म्हटलं तरी ठेच लागते.

मिरच्या घेऊन येणारी प्रत्येक बाई
सोबत एक औषध घेऊन येते.
जाईचा पाला चावायचा आणि थुंकायचा, उचगावची म्हणाली.
पेरूची पानं, बावड्याची म्हणाली, पण कोवळी हं, निबर नकोत.
तुरटीच्या गुळण्या.
छे, तुरटीनं दात आंबतात, मीठ-पाणीच बरं.
कच्चं तोंडलं खा की,
देवानं नावातच लिहून ठेवलंय.
मास्तरणीबाईंचा एकच प्रश्न, पोट साफ आहे का?
आणि सुगंधा उपाध्ये, पिशवीची गाठ सोडता सोडता,
हळूच: रात्री झोप लागते का गं?

सगळं केलं. झोपेचं तेवढं राहिलं.
मीठ-पाण्यानं बरं वाटलं, तुपाच्या बोटानंही.
ब्रश मऊ घेतला. डॉक्टरांनी रक्त तपासून गोळ्या दिल्या.
फुटक्या दाढेचं टोक कानशीनं घासावं तसं घासलं,
त्या जागचा फोड पुन्हा फिरकला नाही.
जेवायला बसलं की मी पांढऱ्या रश्शाकडं हात करते,
दीर हसतो: आणि म्हणे कोल्हापूरची!

हसू दे. माझं दुखतं.
दुखतं म्हणून सगळ्या गावाला कळतं,
आणि आठ-दहा दिवसांत जातं.

हौसाक्का समोर चाळते. वीस वर्षं.
गालात मिश्री, कमरेला पितळी डबी.
त्या दिवशी जीभ फारच सोलली होती,
म्हटलं, आज तू चाख.
तिनं लवंगीची चिमूट डाव्या गालात टाकली
आणि डोळासुद्धा मिटला नाही.

दाखव.
काय दाखवू? दुखत न्हाई, खुपत न्हाई.
दाखव म्हटलं ना.
मिश्री जिथं मुक्कामाला असते तिथंच
पांढरा चट्टा, मांजराच्या जिभेसारखा खरबरीत.
कधीपासनं?
शिमग्यापासनं असंल.
अक्षय्यतृतीया होऊन गेली होती.

इतक्या बायांची इतकी औषधं माझ्याजवळ,
याच्यावर एकही नव्हतं.

सीपीआरच्या रांगेत ती भिंतीकडं तोंड करून उभी.
पोरगेलासा डॉक्टर, हातात बॅटरी. आ करा, मावशी.
तिचा पदर आधी तोंडावर गेला,
मग खाली आला.
तिनं माझा हात धरला होता,
तिच्या बोटांतली मिरची माझ्या बोटांत उतरत होती.
तो बराच वेळ बघत राहिला.
छोटा तुकडा काढला. बुधवारी या, म्हणाला,
आणि डबीकडं बघून: ही मात्र आजपासून बंद.

परतताना रिक्षात
एकदा तिचा हात कमरेकडं गेला
आणि तसाच मागं आला.
मी बघितलं नाही असं दाखवलं.
दसरा चौक मागं पडला तेव्हा बोलली:
त्या उचगावच्या चटणीत मीठ बरोबर पडलं का गं?

मी जिभेला विचारलं. फोड ठणकला.
थोडं कमी आहे, म्हटलं.
कमी असलं तर चालतंय की,
वरनं घालता येतं.