निरंक

मे महिन्यात ग्वाल्हेरला कुणीही सांगेल, गरमी आहे.
म्हणून रामकलीच्या वहीत तो शब्द
कुणाला खुपला नाही.
अकरा जणींपुढे "गर्मी की शिकायत",
आणि उपाय: ओआरएस, सावलीत बसणे.
मीही खाली सही केली.

मराठीतही त्या रोगाला तोच शब्द,
पण आमच्या जीवाजीगंजातल्या घरात
पन्ह्याचा पेला हातात देतानासुद्धा
आई "उन्हाळा" म्हणायची,
"गरमी" कधीच नाही.
का ते मला नोकरी लागल्यावर कळलं.

दर सोमवारी अहवाल जातो.
उपदंश: निरंक.
मला आवडायचा हा शब्द.
खाली दोन रेघा मारल्या की
दप्तर झाडून ठेवल्यासारखं वाटायचं.

एकदा सहज फजलूरला विचारलं,
मुरारच्या प्रयोगशाळेत, तो चहाची बशी फुंकत होता,
इतके निरंक कसे रे?
म्हणाला, मॅडम, किट होळीपासून संपलेत.
तपासलंच नाही, तर निघणार काय?

शाळेत असताना आम्हाला किल्ल्यावर नेलं होतं,
चतुर्भुजाच्या देवळात, शून्य बघायला.
इवलंसं, दगडात, दोनशे सत्तरच्या शेवटी.
आम्ही हसलो होतो, एवढ्यासाठी चढवलं?
आता वाटतं, ज्याने ते कोरलं
त्याच्या आधी कुणीतरी बाग मोजली होती,
हात टाकत टाकत, काट्यांतून, दोनशे सत्तर हात.
आमचं शून्य
खुर्चीतून उठलंसुद्धा नव्हतं.

मृत जन्मांची वही दुसऱ्या खोलीत असते,
कपाटाची किल्ली सिकरवार बाईंकडे,
आणि बाई जेवायला गेलेल्या.
मी थांबले.
मग दोन्ही वह्या फरशीवर उघडल्या, शेजारी शेजारी,
पंखा बंद करून, पानं उडू नयेत म्हणून.

नावं जुळेनात.
इकडे जमुना, वय चोवीस,
तिकडे श्रीमती हरविलास.
मोबाईल नंबरही हरविलासचाच.
इकडे तिसरा महिना, "गर्मी", तळहातावर चट्टे.
तिकडे आठवा महिना, मुलगा, रडला नाही.
तारखा बोटांवर मोजल्या.
पुन्हा मोजल्या.
त्याच गल्लीत अजून दोन.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, कवितेत बसत नाही.
तक्त्यात एक रकाना वाढवला: "तपासले नाही".
त्यासाठी तीन पत्रं.
किटसाठी चार.
हजीऱ्याच्या खासगी लॅबवाल्याला रोज फोन,
तो म्हणायचा, आमची गिऱ्हाइकं घाबरतील.
रामकलीशी भांडण, मग समेट,
मग तिच्याच स्कूटीवर मागे बसून
दुपारी दारोदार.

सोमवारी लिहिलं: सात.
हाताला सवय नव्हती, सात जरा मोठा आला.
वरून फोन: अचानक वाढले कसे? टायपिंगची चूक?
मी म्हटलं, नाही सर.
ते म्हणाले, एकदा बघून घ्या.
बघून घेतलं. सातच.

जमुनाने इंजेक्शन घेतलं, दात आवळून,
पदर नीट केला आणि विचारलं,
किसी को बताओगी?
सांगीन, म्हटलं, वर कळवावं लागतं.
नाव नाही, फक्त आकडा.
ती थोडा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिली.
कितना आंकड़ा?
सात.
बाकी छह कौन, हे तिने विचारलं नाही.
पिशवीतून पाण्याची बाटली काढून
निम्मी प्यायली.

हरविलासला उद्या आणते म्हणाली.
आणला नाही.
शनिवारी आणला.
लोडिंगची गाडी बाहेर तिरकी लावून
तो बाकावर बसला, मान खाली, गमछा तोंडावर.
चौकीदाराने विचारलं, क्या हुआ भैया?
म्हणाला, कुछ नहीं, गर्मी लग गई.
चौकीदाराने माठातलं पाणी आणून दिलं,
आणि मी आतून
त्याचा नंबर पुकारला.