मागचा डावा

एलेउतेरियोने खोली खडूने आखली
आणि उंबऱ्यात बसून राहिला बराच वेळ.
पाच भिंती. एकही दुसरीला समांतर नाही.
वाल्पाराईसोत घरं टेकडीवर जागा मिळेल तशी चढत गेली,
आमच्या वाट्याला आली
पायऱ्यांच्या दोन वळणांमधली पाचर.
सासऱ्यांनी तिच्यावर पत्रा ठोकला, पिवळा रंग दिला,
याला घर म्हणा, म्हणाले.
म्हटलं.

नाचता येत नसलं की अंगण वाकडं म्हणतात लोक.
इथे नाचणारा बरा आहे हो,
अंगणच वाकडं.

एकतीस वर्षं बंदरात क्रेन चालवली त्याने.
कंटेनरवर कंटेनर, बोटभरही चूक नाही.
आता निवृत्तीच्या पैशातून सांतियागोहून
स्पीकरचे सहा खोके आले,
आणि ते मांडायला
अख्ख्या घरात एक काटकोन सापडेना.

पुस्तिकेतली खोली चौकोनी.
मधोमध सोफा, सोफ्यावर एक डोकं,
नाक नाही, केस नाहीत, कान दोन.
"ते डोकं तू," म्हणाला, "बस. हलू नकोस."
मी मटार सोलत बसले.
त्याने माझ्या कानापासून दोरी ताणली
पुढच्या डाव्यापर्यंत, मग पुढच्या उजव्यापर्यंत,
मग मधल्यापर्यंत, जो टीव्हीखाली कसाबसा आडवा झोपलाय.
लग्नाला बेचाळीस वर्षं झाली,
या घरातलं काहीही
माझ्या कानापासून मोजलं गेलं नव्हतं.
मी मान जरा ताठ केली.

मग मला उठवून
घुमणारा मोठा खोका माझ्या जागी बसवला,
आणि स्वतः रांगू लागला भिंतीकडेने, कान जमिनीलगत.
जिथे घुमणं भरीव ऐकू येईल, तिथे खोका ठेवायचा,
असं शास्त्र आहे म्हणे.
सत्तरीचा माणूस. खुर्च्यांखालून.
फ्रिजमागे थांबला, हसला,
"इथे आवाजाला पोट आहे!"
खालच्या उर्सिसिनाबाई काठीने छत ठोकू लागल्या.

मग यंत्रात अंतरं भरायची.
जवळचा स्पीकर थांबतो, त्याने समजावलं,
दूरच्याचा आवाज वाटेत असतो तोवर.
म्हणजे सगळे कानात एकदम पोचतात.
"किती थांबतो?"
"सेकंदाचा हजारावा भाग. असे चार."
यानिराला पुंता आरेनासहून फोन करायला
तीन आठवडे लागतात.
थांबायचं कसं, ते मला त्याने सांगू नये.

राहिला मागचा डावा.
तिथे भिंतच नाही. खिडकी, आणि खिडकीबाहेर
गल्लीच्या पायऱ्या.
टांगावा तर छत उतरतं,
स्टँडवर ठेवावा तर न्हाणीचं दार उघडत नाही.
खिडकीच्या चौकटीवर त्याने खडूची फुली मारली
आणि फुलीकडे बघत राहिला,
जहाज यायचं बाकी असल्यासारखा.

तेवढ्यात घुमलं.
आधी तळपायात, मग कानात.
कपाटातले पेले, दिव्याची साखळी, पत्रा.
"आवाज कमी कर," मी म्हणाले.
"बंद आहे," तो म्हणाला. वायर त्याच्या हातात होती.
सवयीने दाराच्या चौकटीत जाऊन उभे राहिलो दोघं,
मटार घरभर.
सहा सेकंद असतील. सात.
कुठूनच आला नाही तो, सगळीकडेच होता,
पाचातल्या एकाही भिंतीबद्दल त्याची तक्रार नव्हती.
थांबल्यावर एलेउतेरियो हळूच म्हणाला, हेव्याने,
"मांडणी म्हणतात ती ही."

संध्याकाळी मी पुन्हा त्या डोक्याच्या जागी बसले.
खिडकी उघडी होती.
पायऱ्यांवरून गॅसवाला चढत आला
टाकीवर पाना वाजवत,
मागून, डावीकडून,
नेमका खडूच्या फुलीशेजारून.
मी बोलले नाही. नुसतं बोट केलं.

त्याने वही उघडली, पेन्सिल जिभेवर ओली केली:
मागचा डावा: गॅसवाला.
अंतर: बदलतं.
आणि खाली, बारीक अक्षरात,
गुरुवारी नाही.