उणे दोन

पी. आर. मग जागा सोड, आत्या.
भरूचहून भाचा फोनवर सांगतो, मी टंकते.
आता उणे, आणि त्याला चिकटून दोन.
मध्ये जागा नको.
कुठे सोडायची, कुठे नाही, कसं कळायचं रे?
सवयीनं, म्हणतो,
आणि पलीकडे कुणाला तरी ताट वाढू नको सांगतो.
मग उणे एच, अवतरणात मथळा.
मग फाइलचं नाव. मग उभी रेघ,
एन्टरच्या डोक्यावरची.
म्हणजे दंड?
हो, दंडच. त्याच्यापुढे एल, पी.

मथळा मी दिला: परत न आलेली पुस्तकं.
दांडिया बाजारातलं आमचं वाचनालय,
जिन्याखाली शेव-उसळवाला, वर आम्ही,
तिखट वास लागलेली तीन हजार पुस्तकं
आणि एकशे तेरा बाहेर.
कुणी कॅनडात, कुणी कारेलीबागेत,
दोन्ही सारखीच लांब.

प्रिंटर घसा खाकरतो.
डोक्यावर तारीख, वेळ, मथळा, पान एक,
सगळं न मागता.
समास सोडलेला, दोन रकाने,
शिस्तीत उभे,
पहिल्या नजरेला तरी.

मार्तंडराव शितोळे रोज पाचला येतात
भिंग घेऊन, पेपर वाचायला.
रावपुऱ्यातल्या छापखान्यात एकतीस वर्षं
खिळे जुळवलेले त्यांनी.
पेपरावरचं भिंग उचलून यादीवर ठेवलं.
मदन गडकर. हा पुरता आहे, तारखेसकट.
ज्याला काना नाही, मात्रा नाही, तो वाचला.
बाकीच्यांची शेपटं कुठे गेली?

मी पुन्हा फोन लावते.
ते अक्षरं नाही मोजत, आत्या,
अक्षरांच्या आतलं काहीतरी मोजतं.
वेलांटीची जागा वेगळी धरतं,
अनुस्वाराची वेगळी,
रकाना भरला की तोडतं.

म्हणजे मोजतं, शितोळे म्हणाले, मापत नाही.
आमच्याकडे कोरी जागासुद्धा शिशाची होती.
दोन शब्दांमधलं काही-नाही
चिमटीत धरता यायचं,
पडलं तर वाजायचं.
रात्री खणात परत टाकावं लागे.
तोच खण आधी रिकामा व्हायचा, नेहमी.

बोलता बोलता भिंग
डाव्या रकान्यात, अकराव्या ओळीवर थांबलं.

कालिंदी शितो

बराच वेळ तिथेच.
खाली शेव-उसळवाला सुट्ट्या पैशांवरून कुणाशी तरी वाद घालत होता.
ळे कुठाय?
मला नव्हतं विचारलं. कागदाला.

उणे दोन काढून टाक, भाचा म्हणाला,
एकच रकाना येईल, कागद जास्त जाईल.
जाऊ दे.
रमणभाईनं शेवटची रीम फोडली,
बेन, कागळ खूटी जशे, हे सांगूनच,
आणि पानं आली:
एका ओळीवर एक माणूस,
उजवीकडे भरपूर कोरं.
कालिंदी शितोळे. दाखल क्रमांक. नेल्याची तारीख,
सहा वर्षांपूर्वीच्या जुलैतली.

पुस्तक घरीच आहे, ते म्हणाले.
एकशे चाळिसाव्या पानात तिचं बसचं तिकीट आहे.
आणून देऊ?
मी म्हटलं, तुमच्या सोयीनं.
मग राहू दे. यादीत राहू दे.
दंडाचे पंचवीस रुपये
मोजून टेबलावर ठेवले,
पावती नको म्हणाले.

जाताना बिघडलेलं पान मागून घेतलं,
मागची बाजू कोरी आहे, कामाला येईल.
जिन्याच्या वळणावर थांबले.
कठड्यावर कागद, हातात पेन्सिल,
एवढं वरून दिसलं.

इकडे प्रिंटर अजून चालूच होता.
तारीख, वेळ, मथळा, पान तीन,
खाली एकच नाव,
आणि मग साठ ओळी काहीच नाही,
मोजून सोडलेल्या.