तेवीस रेघा

रबाळ्याला, मढवीच्या शेडमध्ये
डुक्कर फियाट बॉनेट उघडून उभी.
सबनीस बाईंनी बाटलीतून रॉकेल आणलंय,
सांगितलं होतं तसं: पॉलिश पेपर मुळीच लावायचा नाही.
ब्लॉकच्या कडेला काडेपेटीएवढी सपाट जागा,
तिच्यावर नंबर.
लोक नंबर वाचतात.
मी नंबराखालचं वाचतो.

कारखान्यात ब्रोच फिरतो तेव्हा
एका ओढीत सगळ्या रेघा पडतात,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये श्वास नाही,
नव्या वहीच्या पानासारख्या.
आकडे नंतर ठोकतात.
आधी रेघ, मग आकडा.
ज्यांनी उलटं केलं ते इथेच सापडतात:
आठाच्या पोटात वाळूकागद शिरलेला दिसतो,
कडेशी रेघा अडखळतात,
अनोळखी घरात चप्पल कुठे काढावी कळेना अशा.

टॉर्च आडवा धरायचा,
उजेड रेघांवरून घसरला पाहिजे.
मढवी म्हणतो, "काका, काल्या दगडावरची रेग हाय ती."
दगडावरची असेल बाबा.
बीड मऊ असतं.

कडा नीट. आठाचं पोट नीट.
आकड्यांचे काठ उचललेले, जसे हवेत तसे.
पास म्हणून टाकायचं, तर
सवयीने मोजायला लागलो.
तेवीस रेघा, मग एक रुंद वाट.
तेवीस. रुंद वाट.
तिसऱ्यांदा तेवीस आले
तेव्हा भिंग खाली ठेवलं आणि पाणी मागितलं.

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
सालदुऱ्याच्या पत्र्याखाली माझं शेपर मशीन.
फीडच्या चक्राला चोवीस दात, त्यातला एक तुटका.
सालदुरे म्हणायचा, दिवाळीनंतर बदलू.
सात दिवाळ्या गेल्या.
त्या तुटक्या दाताची सही
माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्यावर आहे,
पंपांच्या बैठका, व्हाइसचे जबडे,
कुणाकुणाचे ब्लॉक.
आता तिथे काचेची इमारत आहे.
ते चक्र पाहिलेला मी एकटाच उरलो असणार.
म्हणजे गप्प राहिलो
तर हे इंजिन अस्सल.

एक सफारीवाला आठवतो.
घाटात पाणी संपून ब्लॉक तडकला, म्हणाला,
हा दुसरा आणलाय भंगारातून,
पुस्तकातला नंबर पाहिजे याच्यावर.
चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलेला नंबर,
दोन्ही सातांच्या कमरेतून आडवी रेघ.
मी जास्त विचारलं नाही.
मूळ नंबर घासताना तो वाचलाही नाही.
चाळीस रुपये, वर एक चहा.

सबनीस बाई फॉर्म भरतायत.
आरसी बुकातला नंबर उतरवून घेताना
एका साताच्या कमरेतून आडवी रेघ,
मग दुसऱ्या.
"बाबांचंच आहे ना हे इंजिन?
त्यांनी गाडी विकली तेव्हा मी होस्टेलवर होते."
मढवी माझ्याकडे बघतोय.
दीड लाखाचा फरक आहे.

अहवालात लिहिलं: रेघा कारखान्याच्या नाहीत, शेपरच्या.
खाली लिहिलं: काम सफाईदार.
मग तेवढं खोडलं.
तोंडाने सांगितलं, हो, बाबांचंच.
मढवी शिवी गिळून बाहेर गेला.
बाई कागद हातात धरून
गाडीकडे बघत राहिल्या,
हिशेब जुळतोय पण कसा ते कळत नाही तशा.

त्या जागेवर बोटाने ऑइल लावलं.
रॉकेलने पुसलेलं बीड रात्रीत तांबूस होतं,
खाडीची हवा इथवर पोचते.

फी किती, बाईंनी विचारलं.
मिळालीय म्हटलं,
एक्क्याण्णव साली. चहासकट.