पिढी किती वर्षांची धरायची

ताळगावच्या पठारावर, जांभ्यातल्या तळमजल्यात
देवदाराच्या सुया पोचल्या कुरिअरनं:
किन्नौरची एकशे बारा पाकिटं,
सिलिकाचे निळे खडे आमच्या हवेनं गुलाबी झालेले.

इथं शंकूचं झाड एकही आपलं नाही.
मिरामारच्या सुरूला पर्यटक पाइन म्हणतात.
पाइन नव्हे तो, नुसता तसा दिसतो.
"मग त्याला सांगू नका कोणी," ज्युलियाना म्हणाली.

ती सुया कुटते खलात, नायट्रोजनच्या गार धुरात.
मी मागाहून अक्षरं वाचते.
चारच अक्षरं, पण माणसाच्याहून कितीतरी जाड पोथी,
पानामागून पान तेच ते.

आणि या झाडांत एक गंमत:
हरितलवक बापाचं, परागातून, वाऱ्यानं वाहिलेलं;
तंतुकणिका आईची, बीबरोबर पडते,
फार तर एखादा ओढा ओलांडते.
एकाच झाडाचे दोन इतिहास निघतात
आणि जुळत नाहीत.

ज्युलियानाला नवल वाटलं नाही.
"आडनाव कुलासो. आलं असेल वाऱ्यावरच.
पण आईकडच्या बायका अजून
नदीपलीकडच्या देवीला एक नारळ धाडतात.
का, ते विचारायचं नसतं."

संध्याकाळी संगणकानं रेघ काढली.
ऐसपैस जंगल, मग हिम,
मग सुरईच्या गळ्याएवढी वाट.
थोडीच झाडं पार झाली.
कोणती, ते रेघ सांगत नाही.

प्रोग्रॅम विचारतो: पिढी किती वर्षांची धरायची?
पंचवीस धरली तर गळा एका थंडीत,
पन्नास धरली तर भलत्याच.
मी ज्युलियानाला विचारलं.
"आईची अठरा. माझी लेक चौतीसची, अजून शून्य."
मी पन्नास लिहिलं. तळटीप: गृहीत.

डाव्या टोकाला रेघ अडते.
अलीकडचं तिला दिसत नाही.
शेवटची काही शतकं इतकी पुसट
की त्यात काहीही मावेल: कुऱ्हाडी, रेल्वेचे स्लीपर,
रातोरात होडीतून जुवारीपार नेलेली देवी,
अलीकडच्या तीरावर राहिलेली तिची माणसं.

तेवढा पट्टा मी राखाडी केला.
"तिथं आम्ही आहोत ना?" खांद्यावरून ज्युलियाना.
"तिथं झाडं आहेत."
"तेच," म्हणाली, आणि उरलेली पाकिटं
उणे ऐंशीत ठेवून आली.

हात दोनदा धुतले, राळेचा वास जाईना.
पोदेराचा पाव तिनं कागदानं धरून खाल्ला.